हरणीच्या पाठीवरचा भोवरा

तलवाड्याच्या अलीकडे आमची वाडी. तिथं रामहरी बापूंच्या घराला एक मान होता आणि तो खोगिरामुळे होता. घोडा नव्हता. नुसतं खोगीर होतं.

पोलीस ॲक्शननंतर गेवराईकडच्या एका जहागीरदाराचं बिऱ्हाड उठलं आणि सामान विकायला निघालं. लोकांनी अक्कल चालवून सागवानी दारं नेली, तांब्याचे हंडे नेले, लोखंडी कढया नेल्या. बापूंच्या वडिलांनी खोगीर आणलं. पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एक बैल आणि ते खोगीर अशी जोडी शेवटाला उरली. धाकट्यानं बैल घेतला. थोरले रामहरी बापू खोगीर खांद्यावर टाकून असे घरी आले की धाकट्याला वाटावं आपणच फसलो.

ते खोगीर बापूंच्या बायकोच्या, म्हणजे सुभद्राकाकूंच्या, ज्वारीच्या कणगीवरच्या खुंटीला लटकलं आणि वीसेक वर्षं लटकलं. दर दिवाळीला बापू त्याला तेल पाजायचे. पाहुणा आला की चहाच्या आधी खोगीर. काळंभोर कातडं, कडेला पितळी फुलं, पुढे उंच उठलेलं टोक. पाहुणा विचारायचा, "घोडा कुठंय?" बापू म्हणायचे, "बघाय लागलोय." काकू कणगीतून ज्वारी काढताना त्या खोगिराला डोकं आपटून घ्यायच्या आणि बापूंच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायच्या. हा त्यांचा वीस वर्षांचा संसार.

मग वाडीच्या सेवा सोसायटीत बापू डायरेक्टर झाले. चेअरमन विठ्ठलराव. गावातले मोठे बागायतदार, तालुक्यात वजन, दारात जीप. त्यांना ठरावाला हात वर करणारा एक माणूस कमी पडत होता. "खोगीरभरती म्हणून घेतलंय त्याला," असं ते चारचौघांत म्हणायचे. बापूंच्या कानावर ते गेलं तेव्हा ते खूश झाले. चेअरमनला आपल्या खोगिराची आठवण आहे, असा अर्थ त्यांनी काढला.

डायरेक्टर मीटिंगला पायी जातो हे काही शोभणारं नव्हतं. बापू मालेगावच्या खंडोबाच्या जत्रेतल्या घोडेबाजाराला निघाले ते खोगीर बरोबर घेऊनच. लोक घोडा बघतात आणि मग त्याला खोगीर करून घेतात. बापू खोगीर डोक्यावर घेऊन त्याला घोडा शोधत हिंडले. व्यापाऱ्यांना वाटलं खोगीर विकायचंय. दोघातिघांनी भावही केला. बापूंनी त्यांना झाडलं आणि दिसेल त्या घोड्यावर खोगीर ठेवून पाहिलं. अखेर एक तांबूस, रुंद पाठीची, भरल्या अंगाची घोडी मिळाली. तिच्यावर ते बसलं. म्हणजे बसलं असं बापू म्हणाले. थोडं ढिलं होतं, ते खाली घोंगडीची घडी घालून भागवलं.

घोडीचं नाव हरणी. तिची चाल रवाल. वरच्या माणसाला हिसका म्हणून कसला बसायचा नाही, पाण्यावरून गेल्यासारखी जायची. सुगीचे दिवस होते, कडबा मुबलक, वर मूठभर हरभरा. बापू फेटा बांधून मीटिंगला निघाले की बाया दारात येऊन बघायच्या. मीसुद्धा ते पाहिलंय आणि खोटं कशाला बोलू, माणूस देखणा दिसायचा.

आता खोगिराची गोष्ट जरा सांगावी लागते, कारण बापूंनी ती कधी ऐकून घेतली नाही. त्याच्या पोटात लाकडाचा सांगाडा असतो. सांगाड्याच्या दोन फळ्या घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर टेकायच्या असतात, आणि मधे कण्यावर मोकळी पन्हळ राहायची असते. माणसाचं सगळं वजन मांसानं घ्यायचं, हाडाला हात लागता कामा नये. जहागीरदाराचा घोडा पलंगासारखा रुंद असणार. त्याच्या मापाचा तो सांगाडा. हरणी भरात होती तोवर निभावलं.

मग पावसानं तोंड फिरवलं. एक साल गेलं, दुसरं त्याहून वाईट गेलं. लोक खडी फोडायला, बंधाऱ्याच्या मातीवर गेले. निम्मी वाडी कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेली होती, ती परत यायचं नाव घेईना. सोसायटीनं जनावरांची छावणी काढली. तिथं चारा गाई, बैल, म्हशींना. हरणीला बापूंनी नेऊन उभं केलं तर विठ्ठलराव म्हणाले, "रामहरी, शिंगं कुठंयत हिला?" डायरेक्टरची घोडी म्हणून तिला बैलांच्या गव्हाणीतलं उष्टं मिळायचं, तेवढंच.

हरणी वाळली. माणूस वाळला की सदरा ढगळ होतो, लोक हसतात, बाकी काही होत नाही. घोडी वाळली तशी तिच्या पाठीची दोन्हीकडची गादी गेली, कणा वर आला, आणि तो रुंद सांगाडा पुढून खाली घसरून मानेमागच्या हाडाच्या उंचवट्यावर जाऊन बसला. त्याच्या वर बापू. बापू वाळले नव्हते.

हरणीनं तिच्या परीनं सांगून पाहिलं. खोगीर खुंटीवरून निघालं की कान मागे पाडायची. पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळायला गेलं की पोट फुगवून धरायची. रवाल गेली, पुढचे पाय आखूड पडायला लागले, चटके बसत असल्यासारखे. मान वर, पाठ खाली. उतारावर तर ती जागेवर थांबायची आणि कितीही टाच मारली तरी हलायची नाही. बापूंचं निदान तयार होतं. "माज आलाय," ते म्हणाले. उष्ट्या चिपाडावर जगणाऱ्या घोडीला माज आला म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

खोगीर हलतंय हे मात्र त्यांना कळत होतं. त्यावर उपाय एकच, भरणं. घोंगडीच्या घडीवर गोधडीची घडी आली. ती दबली तेव्हा सोसायटीतलं युरियाचं रिकामं पोतं आणून त्यात शेवटच्या वेचणीचा फरतड कापूस कोंबला आणि ते मधोमध, बरोबर कण्यावर घातलं. पन्हळ होती ती बुजली. वर तंग आणखी आवळला. पाठीवर दोन्ही अंगाला रुपयाएवढ्या जखमा झाल्या. सुभद्राकाकू तेल-हळद भरायच्या आणि म्हणायच्या, "अवं, ते खोगीर लागतंय तिला."

"जहागीरदाराचं हाय ते," बापू म्हणायचे. "त्येला काय लागायचा रोग हाय?"

काकूंचा जीव हरणीत अडकला त्याला कारण होतं. वाडीची विहीर आटली होती. पाणी मिळायचं ते नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्याला, आणि नदी जवळ नव्हती. काकूंच्या गुडघ्याला सूज. मीटिंग नसेल त्या दिवशी त्या हरणीच्या पाठीवर डालड्याचे डबे दोन्ही अंगांनी लटकवून पाणी आणायच्या, आणि गुडघ्यासाठी जाताना स्वतःही वर बसायच्या. पहिल्यांदा डबे बरगड्यांवर आपटून पाणी सांडायला लागलं, म्हणून त्यांनी गोणपाटाच्या दोन जाड वळकट्या केल्या आणि कण्याच्या इकडे एक, तिकडे एक अशा बांधल्या. पाण्यासाठी केलं होतं, घोडीसाठी नाही. पण त्या दिवशी हरणी डबे घेऊन वाळूचा चढ सरळ चढून आली, एकदाही थांबली नाही. काकूंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीही वळकट्या तशाच बांधल्या. त्यांच्या मनात काही तरी जुळत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला वाडीजवळ पाझर तलावाच्या कामाचा नारळ फुटायचा होता. जीपच्या पुढे बापू हरणीवर, अशी मिरवणूक ठरली. घाटाचा छोटा उतार आला. हरणी थांबली. मागून जीपवाल्यानं भोंगा वाजवला. बापूंनी टाच मारली. हरणीनं पाठ खाली सोडली, मागचे पाय दुमडले आणि शांतपणे बसली. बापू फेट्यासकट खडीच्या ढिगावर गेले. कामावरचे मजूर एवढे हसले की मुकादमाला त्यांना गप्प करायला शिट्टी फुंकावी लागली.

विठ्ठलराव हसले नाहीत. ते म्हणाले, "रामहरी, घोडी दाखवून घे कुणाला तरी." मला विचाराल तर त्यांचं काम त्या क्षणाला झालं होतं.

दाखवली ती शहादेवला. शहादेव घोड्यांचा दलाल. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून मालकाचं नशीब सांगायचा. कपाळावर कुठला भोवरा चांगला, छातीवर कुठला वाईट, सगळं तोंडपाठ. त्यानं हरणीला एक फेरी घातली, पाठीवरून हात फिरवला आणि थांबला. जखमा भरल्या होत्या तिथं पांढरे केस आले होते, आणि नवे केस वाकडेतिकडे फिरून त्यांचा गोल झाला होता.

"बापू," तो आवाज खाली आणून म्हणाला, "खोगिराखाली भोवरा. छत्रभंग हाय हा. वर बसंल त्येचं पद जातंय."

"पर घेतली तवा नव्हता की," बापू म्हणाले.

"तवा केसात दबून बसलता. असले भोवरे वेळ बघून वर येतेत."

काकू उंबऱ्यात होत्या. "अहो, तितं मीच हळद भरलती," त्या म्हणाल्या. "जखम व्हती ती."

शहादेव हसला. "वैनी, हळदीनं वर आलाय त्यो. आत व्हताच."

 काकूंनी तरीही शेवटचं म्हणून विचारलं, "मग माझ्यासंगं पान्याला बरी कशी येती ती? मला काहून पाडत न्हाई?"

बापूंनी शहादेवकडे पाहिलं. शहादेव हरणीचे खूर बघायला वाकला, पण बापूंना उत्तर सुचलं. ते म्हणाले, "अगं, छत्रभंग म्हंजी पद मोडतंय. तुला कुटं पद हाय? तुझं काय मोडायचं?"

एवढ्या हुशारीचा माणूस सोसायटीत नुसता हात वर करायला बसवला होता, हे विठ्ठलरावांचं चुकलंच. काकू आत निघून गेल्या. त्यांना फार लागलं होतं, आणि ते त्यांनी मला पुढे कित्येक वर्षांनी तितक्याच रागानं सांगितलं.

सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. तोवर भोवरा झाकून ठेवायचा असा तोडगा शहादेवनं दिला, म्हणजे ती दुखरी जागा आणखी जाड घडीखाली गेली. आणि निवडणुकीच्या आधीच्या बाजारात घोडी काढायची असं ठरलं. दुष्काळात घोडी कोण घेणार, आणि घेतली तर कशासाठी घेणार, हे शहादेवनं सांगितलं नाही. काकूंना ते विचारायची गरज पडली नाही, अशी जनावरं कातड्यासाठी जातात हे त्यांना ठाऊक होतं.

"आन पानी?" त्यांनी एवढंच विचारलं.

"चार दिस डोक्यावर आन. निवडून आलो की दुसरी घिऊ. खोगीर हायच."

बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आत काकूंनी डबे लादले आणि हरणीला घेऊन नदीवर गेल्या. एरवी कोंबड्याच्या सुमारास गेलेली बाई ऊन चढायच्या आत परत यायची. त्या दिवशी शहादेव येऊन ओट्यावर बसला, चहा पिऊन झाला, पान खाऊन झालं, आणि बाई येईना. बापू दोनदा वेशीपर्यंत जाऊन आले. शेवटी बाजार मोडायची वेळ झाली तसा शहादेव शिव्या देत उठून गेला. काकू दिवेलागणीला आल्या. दिवसभर त्या नदीच्या बाभळीखाली बसून होत्या आणि हरणी काठावरचं वाळकं लव्हाळं खात होती.

"कुटं मेलतीस?" बापूंनी विचारलं.

"झिऱ्याला पानी नव्हतं. भरायची वाट बघत बसलते," काकू म्हणाल्या. त्या साली हे वाक्य खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

निवडणूक झाली आणि बापू पडले. विठ्ठलरावांनी त्या जागेवर भाच्याला बसवायचं होळीलाच ठरवलं होतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. बापूंनाही कोणीतरी सांगितलंच असेल. पण आपल्या माणसानं पाडलं म्हणण्यापेक्षा घोडीच्या भोवऱ्यानं पाडलं म्हणणं जिवाला सोपं जातं. ते घरी आले, फेटा काढून ठेवला आणि म्हणाले, "शहादेव बोललाच व्हता. उद्या बोलीव त्येला, घिऊन जाऊ दे."

काकू भाकरी थापत होत्या. थापताथापताच म्हणाल्या, "आता काय मोडायचं राह्यलंय? मोडायचं ते मोडलं. आता आसू द्या की ती."

बापूंनी विचार केला. हिशेब बरोबर होता. हरणी राहिली.

मीटिंगा बंद झाल्या तसे बापू रिकामे झाले, आणि काकूंचा गुडघा पार धरला तेव्हा पाण्याला तेच जायला लागले. जाताना डबे रिकामे, म्हणून ते गोणपाटाच्या त्या वळकट्यांवरच बसायचे. पाचसहा दिवसांत हरणीची चाल बदलली. पाय लांब पडायला लागले, मान खाली आली. एका सकाळी ती वाळूतून रवाल निघाली आणि बापूंच्या डोळ्यात पाणी आलं. मी तेव्हा झिऱ्यावर होतो. मला म्हणाले, "बघ बे, जनावराला कसं कळतंय. आता आपल्याला पद न्हाई, तर पाठीवर घिऊन कशी चालती."

 मला त्या माणसाची कीवही आली आणि रागही आला. दोन वर्षं ज्या पाठीवर त्यानं लाकूड रगडलं तिच्यावर बसून तो पदाच्या गोष्टी सांगत होता.

पुढच्या मृगात पाऊस झाला. बांधाला गवत आलं, हरणी अंगात भरली, पाठ पुन्हा गादीसारखी झाली. दोन पांढरे ठिपके तेवढे राहिले. आणि पोळ्याच्या सुमाराला विठ्ठलरावांचा निरोप आला. माजलगावकडं धरणाचं पाणी येणार म्हणून आपल्या भागात एक सहकारी कारखाना काढायचं चाललंय, शेअर गोळा करायला गावोगाव हिंडणारा माणूस पाहिजे, रामहरीला घोडी आहे.

बापू दहा वर्षांनी तरणे झाले. खुंटीवरून खोगीर निघालं, तेल लागलं, पितळी फुलं राखेनं घासली गेली. काकूंकडं त्यांनी नवा कापूस मागितला, पोत्यातला दबला होता म्हणून. तो त्यांनी पोत्यात शेरभर तरी कोंबला आणि पोतं, खोगीर घेऊन अंगणात आले.

हरणी कडब्यावर मान खाली घालून होती. तिनं मान वर केली. कान मागे गेले. खोगीर अजून बापूंच्या हातात होतं, तिच्यापासून चांगलं लांब होतं, तरी तिच्या पाठीची कातडी त्या दोन ठिपक्यांपाशी थरथरायला लागली.

बापू थांबले. खोगीर खाली ठेवलं, मग उलटं केलं. पोटाकडच्या दोन्ही कडा झिजून लाकूड बाहेर आलं होतं आणि त्या लाकडाला तांबूस केस चिकटलेले होते. त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीत ठेवली. मग उठून तीच वीत हरणीच्या एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ठेवली, ती बरोबर जुळली. बराच वेळ त्यांचा हात तिच्या पाठीवर होता. बापू हट्टी होते, मूर्ख नव्हते.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज असा निघाला की काकू भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आल्या. "खरं सांग. हे खोगिरानं झालं का गं? मीच केलं का?"

काकू मला म्हणाल्या, "इतकी वर्सं मी हीच वाट बघत व्हते. त्यांनी इचारावं आन मी सांगावं." समोर बापू उभे होते, तोंड पडलेलं. बाजूला उलटं पडलेलं खोगीर. शेजारच्या पोत्यातून नव्या कापसाचा बोळा बाहेर आलेला. काकूंनी तो कापूस पाहिला. खरं सांगितलं तर हा माणूस रडेल, हरणीच्या गळ्यात पडेल, आणि उद्या खोगीर दुरुस्त करायला घेईल. दुरुस्ती म्हणजे त्यांना एकच ठाऊक होतं, भरायचं. मग पुन्हा तंग, पुन्हा मीटिंगा, पुन्हा हळद.

"न्हाई ओ," काकू म्हणाल्या. "भोवराच हाय त्यो. शहादेवाला काय कळत न्हाई का? कारखान्याच्या कामाला ही घोडी नेऊ नका, सगळ्यांचं वाटुळं व्हईल."

बापूंनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या तोंडावर रंग आला. खोगीर उचलून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं, आत नेऊन खुंटीला लावलं आणि निरोप्याला सांगितलं की आमच्या घोडीला छत्रभंग आहे, मी येश्टीनं हिंडेन. पुढे ते शेअरसाठी येश्टीनंच हिंडले. खोगीर पुन्हा खाली उतरलं नाही, आणि हरणी म्हातारी होऊन दावणीलाच गेली.

उभ्या संसारात खोगिराबद्दल बापूंनी बायकोचं ऐकलं ते हे एकदाच, आणि नेमकी तेव्हाच ती खोटं बोलली होती.